निवडणूक याचिका आणि ‘कौलाचा अनादर’ : एका आक्षेपाचा प्रतिवाद

ग्रामपंचायत, नगरपालिका किंवा जिल्हा परिषद यांच्या निवडणुकीचा निकाल न्यायालयात नेणे म्हणजे मतदारांच्या कौलाचा अनादर करणे होय, हे मत मराठवाड्याच्या राजकीय चर्चेत, आणि विशेषतः बीड जिल्ह्यात, इतक्या सहजपणे मांडले जाते की त्यामागची गृहीतके तपासण्याची गरज फारशी कोणाला वाटत नाही. गुलाल उधळला गेला की वाद संपला पाहिजे, हरलेल्याने पाच वर्षे थांबावे, कोर्टाच्या तारखांमुळे गावाचा विकास अडतो आणि भावकीतली तेढ वाढते, असा या मताचा एकूण आशय असतो. वरवर पाहता त्यात शहाणपण दिसते आणि मांडणाऱ्यांचा हेतू नेहमी वाईट असतो असेही नाही. तरीही हे मत कायद्याच्या दृष्टीने चुकीचे आहे, व्यवहाराच्या दृष्टीने अपुरे आहे, आणि त्याचा सर्वांत मोठा दोष असा की स्थानिक निवडणुकांचा कौल जिथे खरोखर बिघडवला जातो त्या ठिकाणावरून ते लोकांचे लक्ष उडवते.

प्रथम कायद्याची बाजू पाहू. ७३ व्या घटनादुरुस्तीने २४ एप्रिल १९९३ पासून पंचायतींना आणि ७४ व्या घटनादुरुस्तीने त्याच वर्षीच्या १ जूनपासून नगरपालिकांना घटनात्मक स्थान मिळाले. या दुरुस्त्यांबरोबर आलेले अनुच्छेद २४३-ओ आणि २४३-झेडजी असे सांगतात की राज्याच्या कायद्याने ठरवून दिलेल्या प्राधिकरणापुढे निवडणूक याचिका दाखल केल्याखेरीज अशा कोणत्याही निवडणुकीला आव्हान देता येणार नाही. निवडणूक याचिका म्हणजे साधा दिवाणी दावा नव्हे, आणि उच्च न्यायालयापुढचा रिट अर्जही नव्हे. निवडून आल्याची घोषणा वैध आहे की नाही एवढ्याच प्रश्नासाठी कायद्याने निर्माण केलेला तो स्वतंत्र उपाय आहे. या व्यवस्थेचे मूळ संसद आणि विधानसभेसाठी असलेल्या अनुच्छेद ३२९ मध्ये आहे. पोन्नुस्वामी विरुद्ध नामक्कलचा निवडणूक निर्णय अधिकारी या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५२ सालीच तिचा अर्थ लावला होता: निवडणूक सुरू असताना न्यायालयाने तिच्यात हात घालू नये, ती वेळेवर पार पडू द्यावी, आणि ज्याची तक्रार असेल त्याने निकालानंतर याचिकेने ती मांडावी. पुढे २००० साली अशोक कुमार खटल्यातही न्यायालयाने हाच धागा धरून सांगितले की निवडणूक सुरळीत व्हावी यासाठी मदत करणारा हस्तक्षेप वेगळा आणि ती रोखणारा हस्तक्षेप वेगळा.

या तत्त्वात एक देवघेव दडलेली आहे आणि आक्षेपकांना तिचाच विसर पडतो. ज्याचा उमेदवारी अर्ज चुकीने बाद झाला, ज्याच्या वॉर्डात दुसऱ्यांच्या नावावर मते टाकली गेली, त्याला कायदा सांगतो की आज गप्प बस, तुझे म्हणणे उद्या ऐकू. हे ‘उद्या’ म्हणजेच निवडणूक याचिका. बाकीचे सगळे दरवाजे बंद करून घटनेने जो एकच उघडा ठेवला, त्यातून आत येणाऱ्याला कौलाचा अनादर करणारा ठरवायचे असेल, तर आधी गप्प बसण्याची जी अट त्याने पाळली ती कशाच्या भरवशावर, याचे उत्तर आक्षेपकांनी दिले पाहिजे. निवडणुकीचा हक्क हा मूलभूत हक्क नाही, तो केवळ कायद्याने दिलेला हक्क आहे, हे ज्योती बसू विरुद्ध देवी घोषाल या १९८२ च्या निकालातील सूत्र अशा वेळी हमखास पुढे केले जाते. ते सूत्र खरे आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष उलटा आहे. ज्या कायद्याने निवडून येण्याचा हक्क दिला त्याच कायद्याने त्याला आव्हान देण्याचाही हक्क दिला असल्यामुळे, पहिला पवित्र आणि दुसरा अपवित्र असा भेद करण्यास आधार उरत नाही.

आता हा दरवाजा प्रत्यक्षात किती रुंद आहे ते पाहावे. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम १५ प्रमाणे निकाल जाहीर झाल्यापासून १५ दिवसांत, त्या निवडणुकीतील उमेदवाराला किंवा मतदाराला, त्या भागाच्या कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशांकडे अर्ज करता येतो. जिल्हा परिषदेच्या बाबतीत १९६१ च्या अधिनियमाचे कलम २७ तेवढीच मुदत देते आणि अर्ज जिल्हा न्यायाधीशांकडे करावा लागतो. नगरपालिकांसाठी १९६५ च्या अधिनियमातील कलम २१ ची मुदत त्याहूनही कमी, म्हणजे राजपत्रात नावे प्रसिद्ध झाल्यापासून १० दिवसांची आहे. निवडणूक कायद्यातील मुदती न्यायालये किती काटेकोरपणे पाळतात हे हुकुमदेव नारायण यादव या १९७४ च्या खटल्यावरून दिसते. लोकप्रतिनिधित्व कायद्याखालील याचिकेला उशीर माफ करण्याची सर्वसाधारण सवलत लागू नाही, असे तेथे ठरले.

बीडसारख्या जिल्ह्यात या १५ दिवसांचा अर्थ काय होतो याचा विचार मुदत ठरवणाऱ्यांनी केलेला दिसत नाही. हा जिल्हा ऊसतोड मजुरांचा आहे. दसरा-दिवाळीनंतर मुकादमाकडून उचल घेतलेल्या टोळ्या, नवरा-बायकोच्या एका जोडीला एक कोयता धरून, सांगली, कोल्हापूर, सोलापूर, पुणे आणि कर्नाटकच्या कारखान्यांकडे निघतात, आणि पट्टा पडला म्हणजे हंगाम संपला की उन्हाळ्याच्या तोंडावर गावी परततात. जिल्ह्यातील ७०४ ग्रामपंचायतींचे मतदान १८ डिसेंबर २०२२ रोजी, म्हणजे नेमके गाळप भरात असताना झाले. अशा वेळी गाड्या पाठवून मतदार आणले जातात हे सर्वांना माहीत आहे, पण जे येत नाहीत त्यांची नावेही यादीत असतातच, आणि गैरहजर माणसाच्या नावावर दुसऱ्याने मत टाकल्याची तक्रार अशाच गावांतून सर्वाधिक संभवते. त्या तक्रारीचा सर्वांत भक्कम साक्षीदार म्हणजे ज्याच्या नावावर मत पडले तो मजूर. आणि तो साक्षीदार निकालानंतरचे पंधरा दिवस शेकडो किलोमीटरवरच्या फडात असतो. आपल्या नावापुढे शाई लावून कोणी मत देऊन गेले हे त्याला कळते तेव्हा कायद्याने ते ऐकण्याची वेळ निघून गेलेली असते. याचिकांचे पीक माजले आहे असे म्हणणाऱ्यांनी, जी याचिका कधी दाखलच होऊ शकली नाही तिचाही हिशेब मांडायला हवा.

दरवाजा अरुंद आहे तसाच त्याच्या पुढचा बोळही लांब आहे. विलंबाचा दोष याचिकेला चिकटवणे ही आक्षेपकांची दुसरी चूक आणि तिचे उत्तर दोन अलीकडच्या प्रकरणांत सापडते. चंदीगड महापालिकेच्या महापौरपदासाठी ३० जानेवारी २०२४ रोजी मतदान झाले, त्यात पीठासीन अधिकाऱ्याने आठ मतपत्रिका स्वतः खुणा करून बाद केल्याचे कॅमेऱ्यात दिसले, आणि २० फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द करून प्रतिस्पर्धी उमेदवाराला विजयी घोषित केले. तीन आठवड्यांत प्रकरण मिटले. याउलट हरियाणातील पानिपत जिल्ह्याच्या बुआना लाखू गावात २ नोव्हेंबर २०२२ रोजी सरपंचपदाची निवडणूक झाली आणि एका केंद्रावरील आकड्यांची अदलाबदल झाल्यामुळे कमी मते मिळालेला उमेदवार विजयी ठरला. निवडणूक न्यायाधिकरणाने फेरमोजणीचा आदेश दिला तो एप्रिल २०२५ मध्ये. उच्च न्यायालयाने तो रद्द केला. शेवटी सर्वोच्च न्यायालयाने यंत्रे दिल्लीला मागवून आपल्याच आवारात मोजणी करवली, तेव्हा एकाला १०५१ आणि दुसऱ्याला १००० मते असल्याचे निघाले, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये खऱ्या विजेत्याला पद मिळाले. पाच वर्षांच्या मुदतीतील पावणेतीन वर्षे दुसऱ्याने भोगून झाली होती. इथे कौलाचा अनादर कोणी केला? आक्षेपकांचा सल्ला मानून हरलेला उमेदवार घरी बसला असता तर ५१ मतांनी हरलेला माणूस पूर्ण पाच वर्षे सरपंच राहिला असता आणि सारे गाव त्यालाच ‘जनतेचा कौल’ म्हणत राहिले असते.

बुआना लाखूच्या प्रकरणात आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. तेथे चूक बेरजेची होती म्हणून यंत्र पुन्हा वाचताच ती उघड झाली. मत नोंदवतानाच काही बिघडले असा आरोप असेल तर तेच यंत्र पुन्हा वाचून तोच आकडा मिळणार. विधानसभा आणि लोकसभेच्या मतदानात मताची कागदी पावती दाखवून साठवणारे व्हीव्हीपॅट यंत्र असते. महाराष्ट्रातील स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकांत ते वापरले जात नाही, कारण एकाच प्रभागातून अनेक सदस्य निवडण्याच्या पद्धतीला ते जुळत नाही अशी राज्य निवडणूक आयोगाची भूमिका आहे. तांत्रिक अडचण खरी असेलही. परंतु मतांची छाननी आणि गणना करण्याचा कलम १५ मधील अधिकार कागदी मतपत्रिकेच्या काळातला आहे. कागद काढून घेतल्यावर बीड जिल्ह्यातल्या केज किंवा धारूरच्या न्यायाधीशांनी छाननी नेमकी कशाची करायची, हा प्रश्न आयोगाने अनुत्तरित ठेवला आहे. मताच्या गुप्ततेसाठी फेरमोजणी सहजासहजी मंजूर करू नये हा रामसेवक यादव खटल्यातील १९६४ चा दंडक योग्यच होता, पण तो पेटीत मोजण्याजोगे काही आहे असे धरून घातलेला होता.

विकास थांबतो, या मुद्द्याला फार जागा देण्याचे कारण नाही. याचिका दाखल झाल्याने निवडून आलेल्याचे पद आपोआप स्थगित होत नाही. तो सभा घेतो, धनादेशावर सही करतो, ठराव मांडतो. पुढे निवड रद्द झाली तरी मधल्या काळात त्याने अधिकारपदावरून केलेली कामे केवळ तेवढ्यामुळे बाद होत नाहीत, कारण पदावर असल्याच्या दर्शनी अधिकारात झालेले कृत्य वैध मानण्याचे तत्त्व न्यायालयांनी मान्य केलेले आहे. गोकराजू रंगराजू हा १९८१ चा निकाल त्याचा नेहमीचा दाखला आहे. शिवाय लोकनियुक्त कारभाराच्या स्थैर्याची एवढी काळजी वाहणाऱ्यांनी बीड जिल्हा परिषदेकडेही पाहावे. २०१७ साली निवडलेल्या सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ तेथे एकही निवडून आलेला सदस्य नव्हता. इतर मागासवर्गाच्या आरक्षणाच्या वादात राज्यभरच्या निवडणुका अडकल्या होत्या आणि त्या घेण्याचा निर्णायक आदेश सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ रोजी दिला. ही कोंडी निकालानंतरच्या याचिकांनी केलेली नव्हती. मतदानाआधीच्या प्रश्नांनी केली होती, आणि प्रशासकाच्या राजवटीत कोणाचा विकास थांबला याची ओरड तेव्हा फारशी ऐकू आली नाही.

गावच्या शांततेचा मुद्दा अधिक नाजूक आहे, कारण त्यात ‘बिनविरोध’ या शब्दाची मोहिनी मिसळलेली असते. स्पर्धा नको, मतदान नको, मग वादही नको, असा हा आदर्श. परंतु नाशिक जिल्ह्यातील उमराणे येथे सरपंचपदाचा लिलाव २ कोटी ५ लाखांवर आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी येथे ४२ लाखांवर गेल्याचे उघड झाले, तेव्हा राज्य निवडणूक आयोगाला जानेवारी २०२१ मध्ये त्या दोन्ही ग्रामपंचायतींची निवडणूक प्रक्रियाच रद्द करावी लागली. दोन्ही गावे तोवर शांतच होती. भांडण न्यायाधीशापुढे, कागदावर, दोन वकिलांच्या तोंडून झाले तर ते पारावर होत नाही, एवढा साधा व्यवहारही शांततेच्या पुरस्कर्त्यांना मान्य होऊ नये याचे आश्चर्य वाटते.

इथवर उत्तर आक्षेपाला झाले. त्याहून महत्त्वाचे ते, जे या आक्षेपाच्या आड झाकले जाते. निवडून आलेल्या सदस्याला घरी पाठवण्याचा दुसरा एक मार्ग कायद्यात आहे आणि तो न्यायाधीशाच्या दालनातून जात नाही. त्याचे नाव अपात्रता. दोनपेक्षा अधिक अपत्ये, सरकारी जागेवर अतिक्रमण, निवडणूक खर्चाचा हिशेब न देणे, जात वैधता प्रमाणपत्र मुदतीत सादर न करणे, पक्षादेश म्हणजे व्हिप झुगारणे, अशा कारणांवरून सदस्यत्व जाऊ शकते. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १६ प्रमाणे हा निर्णय जिल्हाधिकारी घेतात आणि अपील विभागीय आयुक्तांकडे जाते. पक्षांतराच्या बाबतीत १९८६ च्या अपात्रता कायद्यानुसार जिल्हा परिषद व नगरपालिका सदस्यांचा निवाडा जिल्हाधिकारीच करतात. आणि नगरपालिका अधिनियमात काही प्रसंगी नगरसेवकाला दूर करण्याचा अधिकार थेट राज्य सरकारकडे, म्हणजे व्यवहारात मंत्र्याकडे, आहे. या मार्गाला पंधरा दिवसांची दोरी नाही. तक्रार मुदतीच्या चौथ्या वर्षीही करता येते. पुराव्याची जी कसोटी निवडणूक न्यायालयात लागते ती इथे त्याच कठोरपणे लागेलच याची खात्री नाही, आणि निर्णय देणारा अधिकारी ज्या सरकारच्या हाताखाली काम करतो ते सरकार कोणत्या ना कोणत्या पक्षाचे असते.

या मार्गाने काय घडते याचा धडा बीड जिल्ह्यानेच राज्याला दिलेला आहे. मार्च २०१७ मध्ये जिल्हा परिषदेच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत सुरेश धस यांच्या गटातील राष्ट्रवादी काँग्रेसच्या सदस्यांनी पक्षादेश डावलला आणि सत्ता भाजपकडे गेली. त्या सदस्यांना जिल्हाधिकाऱ्यांनी अपात्र ठरवले आणि वाद वरच्या पायऱ्या चढू लागला. पुढच्याच वर्षी उस्मानाबाद-लातूर-बीड स्थानिक प्राधिकारी मतदारसंघातून विधान परिषदेची निवडणूक झाली, जिच्यात नगरसेवक आणि जिल्हा परिषद सदस्य हेच मतदार असतात. तोपर्यंत बीड नगरपालिकेतील काही नगरसेवकही अपात्र ठरवले गेले होते, त्यांच्या मतांचा प्रश्न न्यायालयात गेला, आणि मे २०१८ मध्ये व्हायची मतमोजणी जूनमध्ये झाली. धस ७४ मतांनी विजयी झाले. ज्या निवडणुकीत एकूण मतदारच हजाराच्या आसपास, तेथे कोण मतदार आहे आणि कोण नाही याचा निर्णय कार्यकारी आदेशाने मतदानाच्या तोंडावर बदलत राहावा, ही गोष्ट निवडणूक याचिकेपेक्षा कितीतरी अधिक गंभीर होती. मग ४ जानेवारी २०२० रोजी जिल्हा परिषदेच्या नव्या अध्यक्षपदासाठी मतदान झाले, परंतु २०१७ च्या अपात्रतेचा निवाडा अद्याप अंतिम न झाल्यामुळे उच्च न्यायालयाच्या निर्देशाने निकाल राखून ठेवावा लागला. शिवकन्या सिरसाट अध्यक्ष झाल्याची घोषणा नंतर झाली. पाच वर्षांच्या सभागृहात कोण सदस्य आहे हेच जवळजवळ तीन वर्षे ठरलेले नव्हते, आणि या साऱ्यात कोणाही मतदाराने निकालाविरुद्ध दाखल केलेल्या याचिकेचा संबंध नव्हता.

अतिक्रमणाच्या कारणाचा इतिहासही असाच बोलका आहे. २०१८ साली जनाबाई खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की कुटुंबातील दुसऱ्या व्यक्तीने केलेले अतिक्रमणही, सदस्य त्या जागेचा लाभ घेत असेल तर, अपात्रतेस पुरेसे आहे. सार्वजनिक जागा बळकावणारा सदस्य नसावा हा त्यामागचा हेतू निर्विवाद. पण गावठाणाची मोजणी अनेक ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या झालेली नसताना हे कलम हरलेल्या गटाच्या हाती सोपे हत्यार म्हणून आले. जळगाव जिल्ह्यातील विचखेडे गावच्या महिला सरपंचांना सासूच्या सरकारी जागेवरील घरात राहतात एवढ्या आरोपावरून पदावरून दूर करण्यात आले, आणि २०२४ मध्ये त्यांना पद परत देताना सर्वोच्च न्यायालयाला प्रशासनाच्या बेफिकिरीवर कडक शब्दांत बोलावे लागले. निवडून आलेल्या बाईचे नेतृत्व पचत नसलेल्यांनी तक्रारीच्या अर्जाचा आधार घ्यावा आणि यंत्रणेने तो यांत्रिकपणे मंजूर करावा, हे निकालपत्रातले निरीक्षण मराठवाड्यातल्या कोणत्याही तालुक्याला लागू पडेल.

जात वैधतेच्या बाबतीत परिणाम आणखी मोठा आहे. प्रमाणपत्र ठरलेल्या मुदतीत न दिल्यास निवड आपोआप रद्द होते, हा उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये कायम केला, तेव्हा एकट्या कोल्हापूर महापालिकेतील सुमारे वीस नगरसेवकांची पदे धोक्यात आली आणि सरकारला मुदत सहा महिन्यांवरून बारा महिने करण्याची धावपळ करावी लागली. प्रमाणपत्राला उशीर उमेदवारामुळे झाला की पडताळणी समितीमुळे, याला त्या सूत्रात जागा नाही. निजामकाळातील नोंदींच्या आधारे कुणबी प्रमाणपत्रे देण्याचा सप्टेंबर २०२५ चा शासन निर्णय झाल्यानंतर, आरक्षित जागांवरचे उद्याचे वाद मतदान केंद्रांभोवती न राहता पडताळणी समितीच्या फायलींभोवती फिरणार हे उघड आहे, आणि बीड जिल्ह्याइतका हा प्रश्न दुसरीकडे क्वचितच तापलेला असेल.

निवडणूक याचिकांचा गैरवापर होतच नाही असा दावा येथे नाही. केवळ दबावासाठी, तडजोडीच्या रकमेसाठी किंवा पुढच्या निवडणुकीपर्यंत चर्चेत राहण्यासाठी दाखल केलेल्या याचिका असतात. त्यांत तपशील नसतो, साक्षीदार नसतात, आणि न्यायालये त्या फेटाळतातही. पण न्यायालयाला फेटाळता येते हाच त्या मार्गाचा गुण आहे. तेथे आरोप शपथेवर करावा लागतो, उलटतपासणीला उभे राहावे लागते आणि निर्णयाची कारणे लिहून मिळतात. जिल्हाधिकाऱ्यांपुढच्या अर्जाला यांतले बहुतेक सोपस्कार लागत नाहीत आणि म्हणूनच राजकारणात मुरलेला माणूस याचिकेपेक्षा तो अर्ज पसंत करतो. कौलाची चाड असणाऱ्यांनी मागणी करायची तर ती अपात्रतेचे निवाडे न्यायिक अधिकाऱ्याकडे सोपवण्याची, निवडणूक याचिकेची सुनावणी सलग चालवण्याची आणि यंत्रातील नोंद याचिकेचा निकाल लागेपर्यंत जपून ठेवण्याची करायला हवी. याचिकाकर्त्याला लाजवण्याने यांतले काहीच साध्य होत नाही.

डिसेंबर २०२२ मध्ये निवडलेल्या त्या ७०४ ग्रामपंचायतींची पाच वर्षे २०२७ च्या अखेरीस भरतील. जानेवारी २०२३ च्या पहिल्या आठवड्यात दाखल झालेली एखादी याचिका तोपर्यंत खालच्या न्यायालयात किंवा औरंगाबाद खंडपीठापुढे पडून राहिली, तर मुदत संपल्यामुळे ती निरर्थक ठरली असे एका ओळीत नोंदवून ती निकाली काढली जाईल. त्या ओळीत मते कोणाला जास्त पडली होती याचा उल्लेख नसतो.